डासवाहित विषाणू आणि प्रतिकारपेशींच्या रचनेतील बदल : डेंग्यूच्या विशेष संदर्भात

सारांश : डेंग्यू, झिका आणि चिकुनगुन्या हे डासांमार्फत पसरणारे विषाणू शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या पेशींमध्येच शिरून वाढतात. त्यासाठी ते या पेशींची अंतर्रचना बदलतात. पेशीतील पटले, पेशीसांगाडा, तंतुकणिका आणि पेशीपृष्ठावरील ग्राही यांत होणाऱ्या बदलांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या बदलांचा डेंग्यूच्या घातक अवस्थेशी आणि लस व औषध यांच्या संशोधनाशी असलेला संबंधही येथे तपासला आहे.

बीजशब्द : डेंग्यू, प्रतिकारपेशी, आंतर्द्रव्यजालिका, प्रतिपिंडे, पेशीसांगाडा.

१. प्रस्तावना

डेंग्यूच्या रुग्णाचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरू लागला की घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. वैद्यकशास्त्राचा अनुभव मात्र याच्या उलट आहे. या आजारातील धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरण्याच्या सुमारासच सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. याच काळात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्तबिंबिका घटतात आणि काही रुग्ण अल्पावधीत अत्यवस्थ होतात. रक्तातील विषाणूंची संख्या तेव्हा कमी होत असते. शत्रू माघार घेत असताना रुग्णाची प्रकृती का ढासळते, हा प्रश्न डेंग्यूच्या अभ्यासात प्रारंभापासून आहे.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग प्रतिकारपेशींच्या आत दडलेला आहे. ‘कुंपणच शेत खाते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. डेंग्यूच्या बाबतीत कुंपण शेत खात नाही, पण शेत खाणारा कुंपणातच घर करून राहतो. हे घर तो कसे बांधतो, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६३ मध्ये कोलकात्यात आढळलेला चिकुनगुन्या १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे साथीच्या रूपाने आला. त्यानंतर जवळजवळ तीन दशके तो दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये देशभर परतला. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी आढळला, तर २०२४ मध्ये पुणे शहरात झिकाचे अनेक रुग्ण नोंदवले गेले. डेंग्यू तर दरवर्षीच्या पावसाळ्याचा सोबती झाला आहे.

२. प्रतिकारपेशी : रचना आणि कार्य यांचा संबंध

१८८२ मध्ये सिसिलीतील मेस्सिना येथे एली मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटे टोचले. काही तासांतच त्या काट्यांभोवती भटक्या पेशी गोळा झालेल्या त्याला दिसल्या. भक्षकपेशींच्या संकल्पनेचा उगम या निरीक्षणात आहे. या कार्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्हला पॉल एर्लिक यांच्यासमवेत विभागून मिळाले.

डासवाहित विषाणूंच्या संदर्भात तीन प्रकारच्या भक्षकपेशी विशेष महत्त्वाच्या आहेत. रक्तातून फिरणाऱ्या मोनोसाइट पेशी ही राखीव कुमक होय. त्या ऊतींमध्ये उतरल्या की त्यांच्यापासून महाभक्षक पेशी, म्हणजेच मॅक्रोफेज, तयार होऊ शकतात. तिसरा प्रकार वृक्षाभ पेशींचा. त्यांना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असतात. त्वचेसारख्या सीमावर्ती ठिकाणी त्या पहारा देतात, परक्या पदार्थाचे तुकडे उचलतात आणि लसिकाग्रंथीपर्यंत प्रवास करून तेथील लसिकापेशींना ते तुकडे दाखवतात.

या तिन्ही पेशींचे कार्य त्यांच्या घडणीवर अवलंबून असते. पेशीपृष्ठावरील ग्राही हे त्यांचे दरवाजे होत. प्रथिनतंतूंचा पेशीसांगाडा त्यांना आकार आणि गती देतो. आंतर्द्रव्यजालिका हे पटलांचे विस्तीर्ण जाळे प्रथिनांची निर्मिती आणि घडण यांचे स्थान आहे. तंतुकणिका ऊर्जा पुरवतात आणि विषाणूच्या आगमनाची वर्दी पुढे पोहोचवण्याचे व्यासपीठही ठरतात. यांपैकी कोणत्याही भागाची घडण बदलली की पेशीचे वर्तनही बदलते. म्हणून येथे रचनेचा विचार हा कार्याचाच विचार ठरतो.

३. प्रवेशद्वार : विषाणू पेशीत कसा शिरतो

डेंग्यूच्या विषाणूचा व्यास सुमारे ५० नॅनोमीटर असतो, तर मोनोसाइट पेशीचा साधारण १५ मायक्रोमीटर. म्हणजे पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३०० विषाणू एका रांगेत मावतील. एवढ्याशा कणात सुमारे १०,७०० अक्षरांचा आरएनएचा एक धागा असतो आणि त्यातून अवघी दहा प्रथिने तयार होतात. त्यांपैकी तीन प्रथिने विषाणूचा कण घडवतात. उरलेली सात पेशीतील कामकाज ताब्यात घेतात. त्यांना अरचनात्मक प्रथिने म्हणतात आणि ती ‘एनएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जातात. विषाणूच्या दृष्टीने ती अरचनात्मक असली, तरी पेशीच्या रचनेत बदल घडवण्यात त्यांचाच वाटा मोठा आहे.

एडिस डासाची मादी दंश करते तेव्हा विषाणू लाळेसह त्वचेत उतरतो. तेथील लँगरहान्स पेशी आणि इतर वृक्षाभ पेशी त्याला बळी पडतात, असे मानवी त्वचेवरील प्रयोगांतून २००० मध्ये दिसून आले. या पेशींच्या पृष्ठभागावर ‘डीसी-साइन’ नावाचा ग्राही असतो. सूक्ष्मजीवांवरील शर्करा ओळखणे हे त्याचे नेहमीचे काम. डेंग्यूचा विषाणू याच ग्राहीला चिकटून आत शिरतो, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. महाभक्षक पेशींवरील मॅनोज ग्राहीचा उपयोगही तो असाच करून घेतो. थोडक्यात, परक्याला ओळखण्यासाठी असलेले साधनच त्याच्या प्रवेशाचे साधन ठरते.

याहून विलक्षण मार्ग प्रतिपिंडांचा आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एका उपप्रकाराचा संसर्ग होऊन गेल्यावर तयार झालेली प्रतिपिंडे त्या उपप्रकाराला दीर्घकाळ रोखतात. दुसऱ्या उपप्रकाराला मात्र ती चिकटतात, पण पुरेशा संख्येने व योग्य जागी न चिकटल्यामुळे त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. भक्षकपेशींवर प्रतिपिंडाचे शेपूट पकडणारे ‘एफसी ग्राही’ असतात. प्रतिपिंडाने चिन्हांकित केलेला कण गिळून नष्ट करावा, ही त्यांची योजना. अर्धवट झाकलेला विषाणू या वाटेने पेशीत सहज ओढला जातो आणि नष्ट न होता तेथे वाढू लागतो. प्रतिपिंडांमुळे संसर्ग वाढू शकतो, हे ऑस्ट्रेलियातील रॉयल हॉक्स यांनी याच कुळातील विषाणूंबाबत १९६४ मध्ये दाखवले होते. डेंग्यू आणि मोनोसाइट पेशींच्या संदर्भात हा विचार स्कॉट हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात प्रयोगांनी दृढ केला.

४. पेशीच्या आतील बांधकाम

४.१ आंतर्द्रव्यजालिकेतील कोठड्या : पेशीत शिरलेला विषाणू प्रथम एका पटलवेष्टित पिशवीत असतो. पिशवीतील आम्लता वाढली की त्याचे आवरण पिशवीच्या पटलाशी एकरूप होते आणि आरएनए पेशीद्रव्यात मुक्त होतो. पेशीची रायबोसोम तो आरएनए स्वतःचाच संदेश असल्याप्रमाणे वाचतात. तयार होणारी प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात रुततात आणि तेथून पुनर्रचनेला आरंभ होतो.

जर्मनीतील हायडेलबर्ग येथील राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटाने २००९ मध्ये इलेक्ट्रॉन टोमोग्राफीच्या साहाय्याने या पुनर्रचनेचे त्रिमितीय चित्र मिळवले. आंतर्द्रव्यजालिकेचे पटल ठिकठिकाणी आतल्या बाजूस दबून सुमारे ९० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कोठड्या तयार झालेल्या त्यांना आढळल्या. प्रत्येक कोठडीला पेशीद्रव्याच्या बाजूस सुमारे ११ नॅनोमीटरचे छिद्र असते. कोठडीच्या आत विषाणूच्या आरएनएच्या प्रती निघतात. त्या छिद्रावाटे बाहेर येतात आणि लगतच नवे विषाणू बांधले जातात. प्रतींची निर्मिती व कणांची बांधणी अशा शेजारी-शेजारी चालतात.

या व्यवस्थेचा खरा लाभ लपून राहण्याचा आहे. विषाणूच्या आरएनएची प्रत निघत असताना दुपदरी आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत असा लांब दुपदरी आरएनए पेशीद्रव्यात सहसा नसतो. तो दिसताच धोक्याची सूचना देणारी ‘रिग-आय’सारखी संवेदक प्रथिने तेथे टपून असतात. कोठडीच्या अरुंद छिद्रामुळे दुपदरी आरएनए त्यांच्या नजरेआड राहतो. विषाणू पेशीचा पहारा मोडत नाही. पहारेकरी जेथे पोहोचत नाही अशी खोली तो त्याच्याच घरात बांधतो.

हे बांधकाम टिकवण्याचीही व्यवस्था आहे. आंतर्द्रव्यजालिकेचे अतिरिक्त भाग मोडीत काढण्याची पेशीची स्वतःची यंत्रणा असते आणि ‘फॅम-१३४-बी’ हे प्रथिन मोडायचा भाग निवडण्याचे काम करते. डेंग्यू, झिका आणि वेस्ट नाइल या विषाणूंचे प्रथिनछेदक विकर हे प्रथिन कापून टाकते, असे २०१७ मध्ये आढळले. त्यामुळे विषाणूला हवे असलेले पटल मोडीत निघत नाही.

४.२ मेद आणि तंतुकणिका : नवी पटले उभारण्यास मेद व ऊर्जा लागते. डेंग्यूचा संसर्ग झालेल्या पेशीत साठवणीचे मेदबिंदू स्वभक्षणाच्या प्रक्रियेने वापरले जातात आणि त्यांतील मेदाम्ले तंतुकणिकांत जाळून ऊर्जा मिळवली जाते, असे २०१० मध्ये दाखवण्यात आले. पेशीची शिधासामग्री अशा प्रकारे विषाणूच्या कामी येते.

तंतुकणिकांचा आकारही बदलतो. ‘एनएस-४-बी’ या प्रथिनामुळे त्या लांबलचक होतात आणि आंतर्द्रव्यजालिकेशी असलेले त्यांचे सांधे विस्कळीत होतात, असे २०१६ च्या अभ्यासात नोंदवले गेले. या सांध्यांजवळूनच विषाणूच्या आगमनाची वर्दी पुढे जात असल्याने इंटरफेरॉनची निर्मिती मंदावते. २०१५ च्या एका अभ्यासात मात्र विषाणूचे विकर तंतुकणिका जोडणारी प्रथिने कापते, म्हणजे त्यांचे एकत्रीकरण बिघडवते, असे आढळले होते. दोन्ही निरीक्षणांची दिशा वेगळी दिसते. तंतुकणिकांची घडण विषाणूच्या हस्तक्षेपाचे लक्ष्य आहे, याबाबत मात्र दोहोंत एकवाक्यता आहे.

४.३ पेशीसांगाडा : झिकाचा संसर्ग झालेल्या पेशींत सूक्ष्मनलिका आणि मध्यम तंतू यांची पुनर्मांडणी होऊन विषाणूच्या निर्मितीस्थानाभोवती पिंजऱ्यासारखे वेष्टन तयार होते, असे बार्टेनश्लागर यांच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवले. औषधाच्या साहाय्याने सूक्ष्मनलिका गोठवल्यास विषाणूची वाढ घटते. त्यावरून हे वेष्टन संसर्गाचा केवळ आनुषंगिक परिणाम नसून विषाणूच्या उपयोगाचे आहे, हे लक्षात येते.

५. संदेशवहनाचा खंड

निवारा बांधण्याबरोबरच विषाणू पेशीच्या संदेशवाहकांवरही घाला घालतो. संसर्गाची चाहूल लागलेली पेशी इंटरफेरॉन हे प्रथिन सोडते. शेजारच्या पेशींना ते मिळाले की ‘स्टॅट-२’ या प्रथिनामार्फत संदेश केंद्रकापर्यंत जातो आणि शेकडो संरक्षक जनुके कार्यान्वित होतात. डेंग्यूचे ‘एनएस-५’ हे प्रथिन स्टॅट-२ ला पकडून पेशीच्याच विघटनयंत्रणेकडे सोपवते.

दुसरा घाला ‘स्टिंग’ या संवेदक साखळीतील प्रथिनावर होतो. डेंग्यूचे प्रथिनछेदक विकर मानवी स्टिंगचे तुकडे करते, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. उंदराचे स्टिंग मात्र ते कापू शकत नाही. एनएस-५ लाही उंदराचे स्टॅट-२ नष्ट करता येत नाही. त्यामुळे सर्वसाधारण प्रयोगशाळेतील उंदीर डेंग्यूला सहजासहजी बळी पडत नाही. माणसाच्या आजाराची प्रतिकृती प्राण्यात उभी करणे इतकी दशके अवघड का राहिले, याचा उलगडाही यातून काही अंशी होतो.

६. झिका आणि चिकुनगुन्या : निराळ्या वाटा

झिका हा डेंग्यूच्याच कुळातील विषाणू असल्याने पेशीच्या आत तो बहुतांशी तीच पद्धत अवलंबतो. त्याचे वैशिष्ट्य पेशीच्या प्रवासात दिसते. झिकाची लागण झालेल्या मोनोसाइट पेशींवर चिकटण्यास साहाय्य करणारे रेणू वाढतात. त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला अधिक घट्ट धरतात आणि ती ओलांडून पलीकडे जातात, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. विषाणू अशा पेशीतून प्रवास करून चेतापेशींपर्यंत पोहोचतो. वारेतील हॉफबाउअर पेशी या गर्भाच्या बाजूच्या महाभक्षक पेशी होत. झिकाचा विषाणू त्यांच्यातही वाढतो, असे २०१६ मध्ये आढळले. गर्भाच्या मेंदूवरील त्याच्या परिणामांचा विचार करताना ही बाब महत्त्वाची ठरते.

चिकुनगुन्याचे कूळ वेगळे आणि त्याच्या बांधकामाची जागाही वेगळी. तो आंतर्द्रव्यजालिकेऐवजी मुख्यत्वे पेशीच्या बाह्य पटलावर आपल्या कोठड्या उभारतो. ‘एनएसपी-१’ या प्रथिनाचे बारा रेणू एकत्र येऊन कोठडीच्या तोंडाशी मुकुटासारखे कडे तयार करतात, हे २०२१ मध्ये उलगडले. या साथीनंतर महिनोन्महिने सांधे दुखत राहिल्याचा अनुभव आपल्याकडील अनेक कुटुंबांना आहे. रियुनियन बेटावरील एका रुग्णाच्या सांध्यातील महाभक्षक पेशींत संसर्गानंतर १८ महिन्यांनीही विषाणूचे अंश सापडल्याचे २०१० मध्ये नोंदवले गेले. सर्वच रुग्णांत असे घडते, असा निष्कर्ष एका उदाहरणावरून काढता येत नाही. तथापि, संरक्षक पेशी हेच विषाणूच्या अवशेषांचे आश्रयस्थान ठरू शकते, एवढे त्यातून सूचित होते.

७. पेशीतील बदल आणि रुग्णाची अवस्था

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. प्रतिपिंडांच्या वाटेने अधिक भक्षकपेशींत संसर्ग होतो. लपण्याच्या सोयीमुळे पहिले काही दिवस प्रतिकाराची धार बोथट राहते आणि विषाणूचे उत्पादन वाढते. त्यानंतर उशिरा, पण एकदम, प्रतिसाद उसळतो. विशेषतः दुसऱ्या संसर्गात पूर्वस्मृती असलेल्या लसिकापेशी वेगाने वाढतात. भक्षकपेशी आणि लसिकापेशी मोठ्या प्रमाणात सायटोकाइन सोडतात आणि त्यांचा परिणाम रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर होतो.

त्यात आणखी एका प्रथिनाची भर पडते. ‘एनएस-१’ हे प्रथिन पेशीबाहेर सोडले जाते. त्याचे सहा रेणू मेदाच्या गाभ्याभोवती एकत्र येऊन रक्तात फिरतात. आपल्याकडील प्रयोगशाळांत होणारी ‘एनएस-१ चाचणी’ याच प्रथिनाची असते. त्याला केवळ रोगनिदानाची खूण मानून चालणार नाही. ते भक्षकपेशींना उद्दीपित करते आणि अस्तरपेशींमधील सांधे सैल करते, असे २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. विषाणू घटत असतानाही द्रव का झिरपतो, याचे उत्तर अशा एकाहून अधिक प्रक्रियांच्या संयोगात आहे.

रक्ताच्या अहवालात ‘अनियमित लसिकापेशी’ असा उल्लेख पुष्कळदा असतो. या पेशी आकाराने मोठ्या आणि भरपूर पेशीद्रव्य असलेल्या दिसतात. त्यांपैकी काही प्रतिपिंडे तयार करण्याच्या मार्गावरील बी-पेशी असतात व त्यांची आंतर्द्रव्यजालिका उत्पादनासाठी विस्तारलेली असते. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा प्रत्येक बदल विषाणूने घडवलेला नसतो. पेशी स्वतःचे कर्तव्य बजावताना जो आकार धारण करते, तोही निराळाच दिसतो. पुनर्रचना विषाणूची आणि सज्जता पेशीची, हे दोन्ही एकाच रक्तनमुन्यात शेजारी-शेजारी आढळतात.

८. पुराव्यांचे स्वरूप

वर वर्णिलेली कोठड्या व पेशीसांगाडा यांची चित्रे बहुतांशी यकृताच्या कर्करोगापासून वाढवलेल्या पेशींत मिळालेली आहेत. या पेशी सहज वाढतात आणि त्यांना संसर्गही भरपूर होतो, म्हणून संशोधक त्या निवडतात. प्रत्यक्ष प्रतिकारपेशींवरील पुरावा तुलनेने थोडा असला, तरी तो आहे. तैवानमधील संशोधकांनी २००१ मध्ये मानवी वृक्षाभ पेशींत डेंग्यूचा संसर्ग घडवला, तेव्हा आंतर्द्रव्यजालिका फुगलेली व तंतुकणिका सुजलेल्या दिसल्या. त्याच सुमाराच्या अभ्यासांत आणखी एक बाब पुढे आली. स्वतः संसर्गित झालेल्या वृक्षाभ पेशींची परिपक्वता मंद राहते, तर शेजारच्या असंसर्गित पेशी अधिक परिपक्व होतात.

रुग्णाच्या रक्तात कोणत्या पेशी संसर्गित असतात, यावरही मतभेद झाले आहेत. काही अभ्यासांत मोनोसाइट प्रमुख ठरल्या, तर २०१८ मध्ये एकेका पेशीतील आरएनए वाचण्याच्या तंत्राने रुग्णांच्या बी-पेशींत विषाणूचा आरएनए आढळला. पेशीत आरएनए सापडणे आणि पेशीत विषाणू वाढणे या भिन्न गोष्टी आहेत. काचपात्रातील निष्कर्ष थेट रुग्णाला लावताना हा विवेक आवश्यक ठरतो.

९. लस आणि औषध यांपुढील प्रश्न

हे ज्ञान केवळ सैद्धान्तिक नाही, हे क्यूबाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथे १९७७ मध्ये डेंग्यूच्या पहिल्या उपप्रकाराची साथ आली, पण गंभीर रुग्ण फारसे आढळले नाहीत. १९८१ मध्ये दुसऱ्या उपप्रकाराची साथ आली तेव्हा ३,४४,२०३ रुग्ण नोंदवले गेले आणि १५८ मृत्यू झाले. १९९७ मध्ये सांतियागो दे क्यूबा येथे दुसरा उपप्रकार पुन्हा आला. या वेळी तीव्र आजार झालेले रुग्ण प्रौढ होते आणि त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांचा हा दुसरा संसर्ग होता. पहिल्या संसर्गाची प्रतिपिंडे सुमारे २० वर्षांनीही प्रवेशद्वार उघडे ठेवू शकतात, असा त्याचा अर्थ.

निकाराग्वातील सहा हजारांहून अधिक बालकांच्या २०१७ मधील अभ्यासाने या चित्रात नेमकेपणा आणला. प्रतिपिंडांची पातळी उच्च असेल तर संरक्षण मिळते आणि प्रतिपिंडे मुळीच नसतील तर धोका कमी असतो. धोका वाढतो तो मधल्या एका ठराविक पातळीला. पूर्वी झालेल्या झिकाच्या संसर्गामुळेही पुढील डेंग्यूचा धोका वाढू शकतो, असे त्याच देशातील २०२० च्या अभ्यासात दिसले. हे दोन्ही विषाणू एकाच डासामार्फत पसरतात, म्हणून पुण्यासारख्या शहराने या निष्कर्षाची दखल घेणे इष्ट आहे.

लसीचा प्रश्न येथेच गुंतागुंतीचा होतो. फिलिपिन्समध्ये एप्रिल २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची पहिली परवानाप्राप्त लस देण्यात आली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही, त्यांच्यात या लसीमुळे पुढे तीव्र आजाराचा धोका वाढू शकतो, असे नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले. कार्यक्रम थांबवावा लागला आणि लसीकरणावरील लोकांचा विश्वासही तेथे डळमळीत झाला. चारही उपप्रकारांविरुद्ध समतोल व पुरेसे संरक्षण देणे ही म्हणूनच लसीची कसोटी ठरली आहे. भारतात एका मात्रेच्या स्वदेशी लसीची १०,३३५ प्रौढांवरील तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, तीही याच कसोटीवर तपासली जाईल.

औषधाच्या दिशेने कोठड्यांच्या बांधकामाचाच आधार घेतला गेला. ‘एनएस-३’ आणि ‘एनएस-४-बी’ या प्रथिनांची जोडी जुळू न देणारे एक संयुग २०२१ मध्ये प्रकाशात आले. त्यामुळे नव्या कोठड्यांची उभारणी रोखली जाते, हे पुढे दिसून आले. याच वर्गातील एक औषध मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचले. तथापि, २०२४ मध्ये कंपनीने संशोधनातील अग्रक्रम बदलल्याचे कारण देऊन ही चाचणी थांबवली. विषाणूला घर बांधू न देण्याची कल्पना शास्त्रदृष्ट्या सफल होण्याच्या मार्गावर होती. ती थांबली ती शास्त्राबाहेरच्या कारणाने, याची नोंद अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या अभ्यासकांनीही घ्यावी.

१०. समारोप

डासवाहित विषाणू प्रतिकारपेशींना केवळ मारत नाहीत. ते त्यांचे दरवाजे वापरतात, त्यांच्या भिंतींतून स्वतःसाठी खोल्या काढतात, त्यांचा शिधा खातात, संदेशवाहक अडवतात आणि प्रसंगी त्यांच्याच पायांनी प्रवास करतात. दहा-बारा प्रथिनांच्या बळावर हे साधते, कारण विषाणू जवळजवळ सर्व साहित्य पेशीकडूनच घेतो. आजाराची तीव्रता विषाणूच्या संख्येबरोबरच शरीराच्या पूर्वस्मृतीवर आणि प्रतिसादाच्या वेळेवरही अवलंबून असते.

महाविद्यालये आणि वसतिगृहे यांच्याशी संबंधित असलेल्या आपणा सर्वांसाठी यातून एक व्यावहारिक बोध निघतो. डेंग्यू झालेल्या विद्यार्थ्याचा ताप उतरला म्हणून त्याला एकटे सोडू नये. पोटात तीव्र वेदना, सततच्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, अस्वस्थता किंवा सुस्ती यांपैकी काहीही दिसल्यास त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन ही औषधे टाळावीत. यापूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे, म्हणून निर्धास्त राहू नये. दुसऱ्या वेळीच अधिक सावध राहण्याचे कारण पेशीच्या त्या इवल्याशा दरवाजांत आहे. आणि विषाणू या दरवाजांपर्यंत पोहोचू नये यासाठी आजही सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे परिसरातील साचलेले पाणी नाहीसे करणे हाच होय.